ङ शेळीचा

शाळेच्या दप्तरात माझी जन्मतारीख १ जून आहे. खरी मी श्रावणातली. वडिलांना तिथी पाठ होती, तारीख ठाऊक नव्हती, आणि नाव घालून घेणाऱ्या गुरुजींना तारीखच हवी होती. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून त्यांनी १ जून लिहून टाकली. माझ्या वयाच्या, खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांचे वाढदिवस असे एकाच दिवशी येतात. आमच्या शाळेतल्या सहा शिक्षकांपैकी तिघं एक जूनचे. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून अठ्ठावन्न पुरी झाली आणि ३१ मेला जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी छत्तीस वर्षं संपली. त्यांतली बरीचशी पहिलीच्या वर्गावर गेली.

निरोपाचा कार्यक्रम एप्रिलअखेरीसच झाला, कारण मे महिन्यात शाळेत असतं कोण? शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि पहिलीचा वर्ग आता जिच्याकडे जाणार होता त्या तरुण बाईंनी हातात एक शंभरपानी वही ठेवली. म्हणाल्या, "बाई, जून तुम्हाला जड जाणार. महिनाभर रोज एक पान लिहा. दिवेलागणीच्या आत मला फोनवर फोटो यायला हवा. एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून."

अपुरा गृहपाठ आणलेल्या मुलाशी मी ज्या आवाजात बोलत आले, हुबेहूब तोच आवाज. माझ्याच वर्गाच्या दारात उभं राहून त्यांनी तो उचलला होता. मला इतका आनंद झाला, की नाही म्हणायचं सुचलंच नाही.

काय लिहायचं ते ३१ मेच्या संध्याकाळी ठरलं. मराठीत व्यंजनं ३४. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमाला नक्की केली, ॲ आणि ऑ यांना रीतसर घरात घेतलं, तरी व्यंजनं ३४ च राहिली. त्यांतली ङ, ञ, ण आणि ळ ही चार अशी, की जैनांचा णमोकार सोडला तर त्यांनी सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. चौतिसातून चार गेले, उरले तीस. जूनचे दिवसही तीस. एक तारखेला क, तीस तारखेला ह. हिशोब इतका चोख बसला, की मी स्वयंपाकघरातून ह्यांना हाक मारून बोलावलं. हे एस. टी.च्या डेपोत होते, जन्मभर वेळापत्रकं लावली. बोटांवर मोजून म्हणाले, "बरोबर आहे. त्या चौघांना महिनाभर रजा देऊन टाक."

तशी ही चौघं आमच्या तक्त्यावर पूर्वीपासूनच अडचणीत. ण आणि ळ यांची सोय अंकलिपी करणाऱ्यांनी मागल्या दारानं केली आहे: ण बाणाचा, ळ बाळाचा. अक्षर शेवटी असलं तरी चित्र आहे. ङ आणि ञ यांचे चौकोन मात्र रिकामे. तिथे बोट आलं की अख्खा वर्ग एक क्षण गप्प होतो आणि पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ओढा ओलांडल्यासारखी.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात धनगरवाड्यावरून येणारा एक मुलगा होता. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात आले, तर ङ च्या चौकोनात खडूनं काढलेलं चार पायांचं काहीतरी उभं. मी विचारलं, हे काय? तो उठून म्हणाला, "शेळी हाय बाई. हितं कुणीच ऱ्हात नव्हतं, म्हणून बांधली." दुसऱ्या दिवसापासून वर्ग एका सुरात म्हणायला लागला: ग गवताचा, घ घराचा, ङ शेळीचा. गवत आणि घर झाल्यावर शेळी येणं इतकं रास्त होतं, की मी ते वर्षभर पुसलं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनीही ते पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि शेरेबुकात त्याबद्दल काही लिहिलं नाही. त्या साहेबांची मी आजही आठवण काढते.

क मला अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. पण वर्गात मी क पासून कधीच सुरुवात केलेली नाही. आम्ही ग, म, भ, न शिकवतो. त्यांची वळणं एकमेकांच्या पोटातून निघतात, एक आलं की हात दुसरं आपोआप काढतो. क तक्त्यावर पहिला, पण पाटीवर बराच उशिरा येणारा. त्याच्यापासून सुरुवात करायची म्हणजे घरात पुढच्या दारानं शिरायचं. मी जन्मभर परसातून गेलेली. शेवटी क कमळाचा हेच लिहिलं. आमच्या डोंगराकडच्या वाडीतल्या एकाही मुलानं कमळ पाहिलेलं नव्हतं. एका भाद्रपदात मी वाईच्या बाजारातून एक विकत घेतलं आणि एस. टी.त मांडीवर धरून नेलं. मुलांनी त्याचा वास घेतला, पाकळ्या मोजल्या, आणि एकीनं विचारलं, "बाई, ह्याची भाजी कशी करायची?" पहिलं पान त्या प्रश्नावर भरलं.

मग दिवस भराभर गेले. ५ ला च, ७ ला ज, ८ ला झ, आणि तिन्ही पानं एकाच नवलाची झाली. चूल, चोर, चाक यांतला च एक, आणि चंद्र, चिमणी, चहा यांतला दुसरा. अक्षर तेच, जीभ टेकते ती जागा वेगळी. झाडातला झ आणि झेंड्यातला झ वेगळा. जग म्हणजे दुनिया, आणि 'जग रे बाबा' मधलं जग, आणि पाण्याचा जग: लिहायला सगळं एक. पहिलीत आलेल्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण वाचता यायला लागलं की ते चुकत नाही. फळ्यावर एकच च असतो आणि तीस तोंडांतून बरोबर तो तो च निघतो. छत्तीस वर्षं मी याचं श्रेय घेतलं नाही, कारण ते आयांचं आहे.

६ जूनला छ आला. मुद्दाम जुळवलेलं नव्हतं. १ ला क धरला की ६ ला छ येतोच. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. छत्र, छत्रपती. आमच्या वाईहून प्रतापगड जवळ, मुलांच्या तोंडी महाराज घरच्या माणसासारखे असतात. एका पानाची अट मी त्या दिवशी मोडली, साडेतीन पानं लिहिली. तरुण बाईंचं उत्तर आलं: "जास्तीची पानं पुढच्या दिवसांत धरली जाणार नाहीत." हेही वाक्य माझंच.

१२ ला ढ. आमच्याकडे ढ म्हटलं की कृष्णेच्या घाटावरचा ढोल्या गणपती आधी आठवायला हवा, पण शाळेत हे अक्षर मुलाच्या डोक्यावर मारायचा दगड झालं आहे. अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत ढ चं जे वळण होतं, ते आजच्या ढ शी चटकन ओळखू येतं. बाकीची बहुतेक अक्षरं दोन हजारांहून जास्त वर्षांत ओळखू न येण्याइतकी बदलली, हे जवळपास तसंच राहिलं. म्हणून न बदलणाऱ्या मुलाला ढ म्हणतात, असं सांगतात. मला हे कळलं त्या दिवशी वाटलं, सगळं वाहून जात असताना जागा न सोडणारं अक्षर, त्याचा हा उपयोग? अशोकाचा लेख आपल्या सोपाऱ्याला सापडला आहे. तो कोरणाऱ्या कारागिराला आणि माझ्या वर्गातल्या मागच्या रांगेतल्या मुलाला एकमेकांचं अक्षर वाचता यावं, ही केवढी मोठी ओळख! कुणा मुलाला ढ म्हणणाऱ्या माणसाशी मी शिक्षकांच्या खोलीत भांडलेली आहे. ते पान मी रागानं लिहिलं आणि तो राग वहीत तसाच ठेवला.

आणि मग थ.

१४ तारीख, महिना अर्ध्यावर आलेला, सकाळपासून एकही ओळ नाही. सुचतील ते शब्द कागदावर मांडत गेले: थकणं, थांबणं, थबकणं, थिजणं, थोपणं, थंडावणं. मांडून झाल्यावर लक्षात आलं, की या अक्षराचा सगळा संसारच थांबण्याचा आहे. लिहायला बसलेल्या माणसाला भाषा समोरून हात दाखवत होती. चार वाजले, पाच वाजले. सहाला फोन वाजला, "बाई, थांबलात का?" त्यांनी सहज विचारलं होतं, पण त्यातही थ! तेवढ्यात स्वयंपाकघरातून खमंग वास आला. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा थालीपीठ लावलं होतं, आणि ते तव्याला असं धरून बसलं होतं की उलथन्याला दाद देईना. दोघांनी मिळून ते सोडवलं. भोकं पाडायची राहिली होती, म्हणून मधोमध कच्चं होतं. पण दिवेलागणीला सतरा मिनिटं असताना माझं पान सुरू झालं आणि पाच मिनिटं असताना संपलं. थालीपिठावरचं ते पान वहीतलं सगळ्यात चांगलं आहे, असं हे म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

१५ ला द. शाळा उघडण्याचा दिवस, आणि अक्षर दप्तराचं. ते मी शाळेच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून लिहिलं. आत जायला कुणी अडवलं नसतं, पण पहिल्या दिवशी वर्गात एकच बाई असायला हवी. नव्या मुलांना गुलाबाची फुलं दिली, कोरी पुस्तकं दिली. रडणारी रडली. एका मुलानं फूल खाऊन टाकलं. एक उंच माणूस मोटारसायकलवरून मुलीला घेऊन आला, तिला आत सोडून माझ्याकडे वळला आणि पाया पडला. चेहरा ओळखेना. मग म्हणाला, "बाई, ङ चा चौकोन अजून रिकामाच हाय. आत्ता बघून आलो."

शेळीवाला!

दोन दिवसांनी न आला, आणि महिनाभरात तेवढं एक पान मी दोनदा फाडलं. तक्त्यावर न नळाचा. नळाला येतं पाणी. आणि आमच्या वाडीत पाणी नसतं, 'पानी' असतं. लोणी नसतं, 'लोनी' असतं. माझी आजी जन्मभर पानी म्हणाली, आणि गावात कुणाची तहान त्यानं अडली नाही. पण नोकरीला लागले तेव्हा मी बाविशीची होते, शुद्ध बोलण्याचा अभिमान ताजा होता. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पानी प्यायला जाऊ?" मी म्हटलं, "पाणी म्हण, मग जा." ती म्हणाली, पानी. मी पुन्हा म्हणायला लावलं. चार वेळा. वर्ग हसला. पाचव्यांदा तिनं काही विचारलं नाही आणि खाली बसली. नंतर कितीतरी दिवस ती वर्गात बोललीच नाही. तहान लागली तरी उठायची नाही, घंटा होईपर्यंत बसून राहायची. शेवटी मी तिच्या घरी गेले. आईनं तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "घ्या बाई, पानी." मुलगी दाराआडून माझ्या तोंडाकडे बघत होती, मी आता आईला काय करते ते पाहायला. मी तांब्या घेतला आणि प्याले. ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आमच्याकडं पानीच येतं."

त्यानंतर मी मुलांना लिहिताना ण शिकवला, बोलताना त्यांचा न काढून घेतला नाही. वऱ्हाडातली माणसं डोळ्याला डोया म्हणतात, आगरी-कोळ्यांकडे तो डोला होतो, आणि तिन्ही डोळ्यांना सारखंच दिसतं. पुस्तकातलं मराठी मुलांना आलंच पाहिजे, ते द्यायलाच आम्ही आहोत. पण ते देताना घरचं हिसकावून घेतलं तर मूल दोन्हीकडून मुकं होतं. त्या मुलीची मी तेव्हा माफी मागितली नव्हती. वहीत मागितली आहे.

१८ ला प. तक्त्यावर प पतंगाचा, पण पतंग संक्रांतीचा आणि बाहेर पहिला जोराचा पाऊस. पतंगाला दोन ओळी देऊन बाकीचं पान पावसाला दिलं. फ, ब, भ या दिवसांत फार काही घडलं नाही. त्या दिवसांत मी संध्याकाळी गंगापुरीपर्यंत चालत जायची आणि विश्वकोशाचा विचार करायची. मराठी विश्वकोशाचं काम आमच्या वाईत चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. शास्त्रीबुवा १९९४ मध्ये गेले. एक माणूस अ पासून निघतो, वाटेत कुठल्यातरी अक्षराशी त्याचं चालणं थांबतं, आणि मागची माणसं तिथून पुढचं अक्षर उचलतात. अक्षरांच्या क्रमानं काम करण्याची ही सोय आहे: कुठून पुढे जायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

२३ ला य यज्ञाचा. सहा वर्षांच्या मुलाला यज्ञ कसा समजावायचा, हा माझा जुना वैताग. र ला आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांच्यातला फरक: एका रफाराच्या फरकानं माणूस पाठशाळेतून भटारखान्यात जातो, आणि लग्नाच्या यादीत कुणाला सुपारी द्यायची ती भलत्यालाच जाते. ल च्या दिवशी फोनवर राग निघाला. त्याच २००९ च्या निर्णयानं मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श पक्का केला, आम्ही मुलांचे हात धरून तो गिरवून घेतो, आणि फोनच्या पडद्यावर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ल उमटतो. मूल विचारतं, बाई, तुमचा खरा का फोनचा? माझा. हे मी ठामपणे सांगत आले आहे.

२८ ला ष ची मोठी धास्ती होती. शब्दकोश उघडला आणि हसू आलं. षट्कोन, षष्ठी, षड्रिपू, षण्मास; षड्ज म्हणजे सहांपासून झालेला; षोडश म्हणजे सहा आणि दहा. एखाददुसरा उपरा सोडला, तर ष च्या घरात सगळे सहाचेच नातेवाईक राहतात. इतकं नीटनेटकं, एकाच आडनावाचं अक्षर दुसरं नाही.

३० तारखेला ह हरणाचा. सहा वाजून दहा मिनिटांनी फोटो गेला. उत्तर आलं, "उत्तम. बाईंची सही." खाली खरोखरच लाल शाईनं केलेल्या सहीचा फोटो होता. मी तो ह्यांना दाखवला, शेजारी दाखवला, बहिणीला पाठवला.

रात्री पावसानं लाईट गेले. मेणबत्ती लावून मी अख्खी वही ह्यांना वाचून दाखवली. दीड तास लागला. थालीपिठाचं पान दोनदा झालं. संपल्यावर हे थोडा वेळ गप्प बसले, मग डेपोतल्या आवाजात म्हणाले, "तीस गाड्या वेळेवर. चार सुटल्याच नाहीत."

मी पहिलं पान उघडलं. क कमळाचा. पहिल्याच दिवशी, पहिल्याच चित्रात, ळ बसलेला. मेणबत्ती जवळ ओढली. न च्या पानात नळ, म्हणजे पुन्हा ळ, आणि पाणी, म्हणजे ण. प ला पतंग. तो अनुस्वार तोंडानं म्हणून बघितला तर ग च्या आधी नाकातून जो निघतो तो ङ च की. ङ ची गाडी टिंबाची पाटी लावून गेली होती. यज्ञ फोडला: ज आणि ञ. ल लसणाचा, त्यात ण. आणि आज संध्याकाळी सही घेऊन आलेलं हरण, त्यातही ण. हे पुढे सरकून बसले आणि दोघं मिळून शोधायला लागलो. शाळा, फळा, गूळ, तुळस, टाळ. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. तिन्ही ऋतूंना ळ लागतो, हे मी छत्तीस वर्षांत एकदाही मुलांना सांगितलं नव्हतं. ज्ञानेश्वरांच्या नावात पहिल्याच जोडाक्षरात ञ आहे. वाङ्मय हा शब्द ह्यांनी काढला, आणि त्यातला ङ सापडल्यावर मेणबत्ती विझेल इतक्या जोरात मांडीवर थाप मारली.

लाईट आले तेव्हा साडेअकरा झाले होते. वही मिटण्याआधी मी शेवटचं पान उघडलं, चार चौकोन आखले. ळ पाशी कमळ काढलं, ण पाशी हरण, ञ पाशी यज्ञाचं कुंड. ङ च्या चौकोनात पतंग काढायला पेन्सिल टेकवली, आणि हात थांबला. तिथे आधीच कुणीतरी राहत होतं.

शेळी काढली. फोटो त्या तरुण बाईंना पाठवला, आणि खाली लिहिलं, की पहिलीत यंदा एक मुलगी आली आहे, बाप मोटारसायकलवरून सोडतो. तिला हे दाखवा, आणि सांगा की तिच्या बाबांच्या शेळीत ळ आहे.